आधी आंघोळीची घागर

टँकर येऊन गेला तेव्हा सटवा आणि कडूबाई दोघंही विठ्ठलरावांच्या कापसात होते. सटवा पाठीवर पंप घेऊन फवारा मारत होता. कडूबाई विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून बांधावरच्या टिपाडात ओतत होती. त्या पाण्यात औषध कालवायचं, पंप भरायचा आणि पुन्हा ओळीत शिरायचं, असं सकाळपासून चाललं होतं. गावाच्या बाजूनं टँकरचा भोंगा ऐकू आला तशी कडूबाई थबकली. पण गाव ओढ्यापलीकडं होतं. तिथं पोचेपर्यंत टँकर रिकामा झाला असता. तिनं घागर पुन्हा डोक्यावर घेतली.

जूनमध्ये एकदा बरा पाऊस झाला होता. त्याच्या भरवशावर चिंचदऱ्यातल्या सगळ्यांनी कापूस लावला आणि त्यानंतर पाऊस जो गेला तो फिरकलाच नाही. धारूरच्या डोंगरावर ढग जमायचे, सावली पाडायचे आणि तसेच पुढं निघून जायचे. त्या कुंद हवेत मावा, तुडतुडे अशी कीड मात्र जोरात आली. पानं आतल्या आत मुरडायला लागली. ज्यांच्या विहिरींना थोडंफार पाणी होतं ते एक फवारणी झाली की दुसरी घेत होते. पाण्याची बचत म्हणून औषध दाट कालवलं जात होतं.

सटवाच्या पाठीवरचा पंप जुना होता आणि झाकणाखालून पाझरायचा. उन्हं कलल्यावर त्यानं पंप खाली ठेवला तेव्हा सदरा मानेपासून कमरेपर्यंत पाठीला चिकटला होता. तो विहिरीवर गेला. विठ्ठलराव नुकतीच मोटर बंद करून उभे होते. त्यांची बायको भिवराबाई शेजारी मोसंबीची वाळकी पानं गोळा करत होती. सटवानं अंग धुवायला बादलीभर पाणी मागितलं. विठ्ठलराव रागावले नाहीत. त्यांनी त्याला विहिरीत डोकावायला लावलं. तळाला गढूळ डबकं उरलं होतं. लेकरासारखी वाढवलेली बाग डोळ्यांदेखत चाललीय, एवढं पाणी झाडांना पुरलं तरी लई झालं, घरी जाऊनच आंघोळ कर, असं ते समजुतीनं म्हणाले. भिवराबाईचा पानं वेचणारा हात थांबला होता.

घरी पिण्याच्या पाण्याची एकच कळशी उरली होती. सटवाची नजर तिच्याकडं गेली तशी कडूबाईनं ती उचलून आत नेली.

"टँकर पुन्हा कवा येईल, काय म्हाईत," ती म्हणाली. "आज फडक्यानं पुसून घ्या."

त्यानं फडक्यानं पाठ पुसली, सदरा वळणीवर टाकला, बोटांवरून घोटभर पाणी सोडलं आणि जेवायला बसला. पहिली भाकरी संपायच्या आत त्याला मळमळायला लागलं. मग उलटी झाली. घामानं तो निथळू लागला, तोंडातून लाळ गळू लागली. कडूबाईनं त्याचं तोंड वर केलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. दंडाचं मांस आपोआप फडफडत होतं. मला धुरकट दिसायलंय, असं तो कसंबसं म्हणाला. कडूबाई पळत जाऊन धुळाजीला घेऊन आली. गावात जीप त्याच्या एकट्याचीच होती. धारूरच्या दवाखान्यात सुई दिली आणि तसंच पुढं अंबाजोगाईला पाठवलं.

वाटेत आणि दवाखान्यात सगळ्यांनी तिला एकच प्रश्न विचारला. काय प्यायला? दारावरच्या माणसानं विचारलं, स्ट्रेचर ढकलणाऱ्यानं विचारलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनंही विचारलं. कडूबाई प्रत्येकाला सांगत होती की तो प्यायला नाही, फवारा मारून आला. लोक मान हलवत होते. प्रत्येक बाई असंच सांगते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

फक्त एका डॉक्टरबाईनं वाकून सटवाच्या पाठीचा वास घेतला. एकीकडं सलाईन, सुया सुरू करायला लावून त्यांनी दुसरीकडं त्याचे सगळे कपडे काढायला सांगितले. दोन नर्सनी हातमोजे चढवले आणि त्याला तिथंच साबणानं धुवायला घेतलं. केसांत, कानांमागं, काखेत, नखांत. बादलीमागून बादली ओतली जात होती. कडूबाई भिंतीला टेकून ते वाहत जाणारं पाणी बघत होती. तिच्या घरात एवढं पाणी कितीक दिवसांत आलं नव्हतं.

"बाई, हे औषध तोंडातूनच जातं असं नाही," डॉक्टरबाई हात पुसत म्हणाल्या. "कातडीतूनही जातं. पाठ ओली राहिली तेवढा वेळ ते आत जात राहिलं. काम थांबवल्याबरोबर शेतातच साबणानं आंघोळ केली असती, तर बहुतेक ही वेळ आली नसती."

कडूबाईनं विचारलं, किती पाणी लागलं असतं?

डॉक्टरबाईंनी जरा विचार केला. "दोन घागरी पुरल्या असत्या. आणि साबण."

कडूबाईच्या डोळ्यांपुढं ती आत नेलेली कळशी आली. ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून पहिल्यांदा रडली.

सटवा वाचला. काही दिवस घशात नळी होती, मग ती निघाली, मग तो भिंतीला धरून चालायला लागला. हातांची थरथर मात्र राहिली. घरी आल्यावर लोक भेटायला आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि उठता उठता हळूच त्याला समजावून गेले की असा अविचार पुन्हा करू नये. पारावर विठ्ठलरावांनीही हेच सांगितलं होतं, की औषध आपलं असलं तरी पिणारा तो होता. विठ्ठलराव सोसायटीचे चेअरमन. ते बोलले म्हणजे गावात ते तसंच झालं, असं धरलं जायचं.

"पिलो असतो तर बरं झालं असतं," सटवा भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "निदान लोकं खरं तरी बोलली असती."

त्या वाक्यानं कडूबाईला जेवढं लागलं तेवढं दवाखान्यातही लागलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती विठ्ठलरावांकडं गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं सरळ मागणं मांडलं. ज्या रानात फवारा मारायचा तिथं पंप उचलायच्या आधी एक टिपाड भरून ठेवायचं, शेजारी साबण ठेवायचा आणि काम सुटलं की फवारणाऱ्यानं तिथंच आंघोळ करायची. विठ्ठलरावांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, माणसांना प्यायला पाणी न्हाई अन् तू आंघोळीचं बोलतीस. सटवाचं म्हणशील तर त्यानं काय केलं ते गावाला माहीत आहे. तो विषय उकरून काढण्यात तुझीच शोभा होईल.

कडूबाई परत आली. तिनं घरात पाय ठेवला नाही. तशीच वच्छलाबाईकडं गेली. वच्छलाबाईचा नवरा शहादेवही फवारणीच्या कामाला जायचा आणि कडूबाईसारखंच त्याच्या हाताखाली पाणी भरायचं काम वच्छलाबाई करायची. गावात अशी बरीच घरं होती. दसऱ्यानंतर ही सगळी ऊसतोडीला बाहेर पडायची, तोवर रानातलं हेच काम. कडूबाईनं एकेका बाईला गाठून वच्छलाबाईच्या अंगणात बसवलं. दवाखान्यात पाहिलेलं सगळं सांगितलं. घरातली कळशी आपणच आत नेली, हेही सांगितलं. बायका आपापल्या हातांकडं बघायला लागल्या. प्रत्येकीनं नवऱ्याचा तसला ओला सदरा हातानं धुतला होता, प्रत्येकीच्या बोटांची सालं निघाली होती.

"मागितलं तर काम जाईल," वच्छलाबाई म्हणाली. "मंग दसऱ्यापतुर खायचं काय?"

"रानात पाणी कुणाच्या डोक्यावर येतं, वच्छले?" कडूबाई म्हणाली. "आपल्याच ना? मंग पयली घागर कशाची, ते आपण ठरवू. आधी आंघोळीची घागर, मंग औषधाची. आंघोळीची भरू देत न्हाईत, तर औषधाची बी आणायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी बायका रानात गेल्या आणि त्यांनी आधी आंघोळीचं टिपाड भरायला घेतलं. मालकांनी अडवलं. तशा त्या रिकाम्या घागरी घेऊन बांधावर बसल्या. पाणी नाही म्हणून पंप भरेनात, पंप भरेनात म्हणून पुरुषही बसले. घरी जाऊन पुरुषांनी बायकांना बोल लावले, मालकांनी दोघांनाही लावले. एकानं बैलगाडीत टिपाडं घालून स्वतः पाणी वाहिलं आणि संध्याकाळी बैलांनी मान टाकली. बाकीचे आज येतील उद्या येतील म्हणून वाट बघत राहिले. इकडं कापसाची पानं तांबूस व्हायला लागली. विठ्ठलराव रोज सकाळी बांधावर येऊन बायकांकडं न बघता पिकाकडं बघत आणि परत जात. भिवराबाई मात्र बायकांकडंच बघत असायची.

धीर सुटला तो वच्छलाबाईचा. कडूबाईच्या घरामागं एका शेतकऱ्याचं रान होतं. त्यानं शहादेवला गळ घातली आणि वच्छलाबाई कडूबाईला न सांगता घागर घेऊन नवऱ्याबरोबर गेली. त्याच दिवशी सकाळी टँकर आला होता. कडूबाईच्या दारातलं टिपाड काठोकाठ भरलेलं होतं आणि पुढचा टँकर येईपर्यंत त्यावरच भागवायचं होतं.

ऊन डोक्यावर आलं असताना मागच्या रानातून वच्छलाबाईची हाक आली. कडूबाई धावत गेली. शहादेव बांधावर बसला होता, तोंडातून लाळ, अंग घामानं भिजलेलं. कडूबाईनं धुळाजीला निरोप धाडला, शहादेवला बगलेला धरून आपल्या दारात आणलं, हातांना खताच्या प्लास्टिक पिशव्या गुंडाळल्या आणि त्याचा सदरा उतरवून लांब फेकला. मग टिपाडात घागर बुडवली.

वच्छलाबाईनं तिचा हात धरला. "प्यायचं पाणी हाय हे, कडूबाई."

"व्हय," कडूबाई म्हणाली. "सोड हात. वत तू बी."

दोघी ओतत राहिल्या. आवाज ऐकून सटवा घरातून बाहेर आला. दवाखान्यातून आल्यापासून तो दारात बसला नव्हता. त्याच्या हातात साबणाची वडी होती. स्वतःच्या हातांनाही त्यानं तशाच पिशव्या बांधून घेतल्या आणि थरथरत्या हातांनी शहादेवची पाठ चोळायला लागला. मान, कान, केस, नखं. दवाखान्यात आपल्याला कसं धुतलं होतं ते त्याला आठवत नव्हतं, पण कडूबाई सांगत होती तसं तो करत होता.

रस्त्यावर माणसं जमली. रानातून येणारी भिवराबाईही थांबली. शहादेव सकाळी हसत पंप घेऊन गेलेला सगळ्यांनी पाहिला होता. त्यानं काही प्यायलं नव्हतं, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. लोक शहादेवकडं बघत होते आणि मग त्याच्या पाठीशी बसलेल्या सटवाकडं. टिपाडाचा तळ दिसायला लागला तेव्हा जीप आली आणि दोन गडी शहादेवला घेऊन दवाखान्यात गेले.

दवाखान्यात दोन दिवस ठेवून शहादेवला सोडलं. तो एसटीनं आला, फाट्यावर उतरून आपल्या पायांनी चालत गावात शिरला आणि पहिल्यांदा कडूबाईच्या दारात गेला. त्या आधीच, जीप गेली त्या संध्याकाळीच, वच्छलाबाई भरलेली कळशी घेऊन आली होती आणि रिकाम्या टिपाडात ओतून गेली होती. मग दुसरी बाई आली, मग तिसरी. कुणाची घागर, कुणाचा तांब्या. अंधार पडायच्या आत टिपाड अर्धं झालं होतं.

सोसायटीची सभा गोदामापुढच्या मोकळ्या जागेत भरली. गावाला खत आणि औषध सोसायटीच्या दुकानातूनच मिळायचं, त्यामुळं थांबलेल्या फवारणीचा विषय तिथंच निघणार होता. सभासद असलेल्या बायका एरवी घरीच सही करायच्या. त्या दिवशी त्या आल्या. कडूबाई सभासद नव्हती, तरी ती पुढं जाऊन उभी राहिली. तिनं तीन गोष्टी मागितल्या. पंप उचलायच्या आधी आंघोळीचं पाणी. औषधाच्या प्रत्येक बाटलीबरोबर दुकानातून साबण. आणि पाझरणारा पंप कुणाच्या पाठीवर द्यायचा नाही.

विठ्ठलराव शांतपणे बोलले. विहिरी ज्याच्या त्याच्या आहेत, सोसायटीच्या नाहीत. शहादेवला ऊन लागलं असेल, तसं होतं कधी कधी. आणि सटवाची गोष्ट वेगळी आहे. एकानं रागाच्या भरात प्यायलं, त्याचं खापर सगळ्या गावाच्या डोक्यावर कशाला?

मागं बसलेल्या सटवानं मान खाली घातली. कडूबाई तोंड उघडणार तोच बायकांमधून भिवराबाई उठली. आजवर ती सभेत कधी आली नव्हती, तर बोलणार कुठून.

"सटवा प्यायला न्हवता," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण मागच्या माणसापर्यंत ऐकू गेला. "त्या दिशी तो विहिरीवर आलता. पाठ सगळी वली होती. बादलीभर पाणी मागितलं त्यानं. आपण न्हाई दिलं. मी तिथंच उभी होते."

विठ्ठलरावांनी बायकोकडं असं पाहिलं, जणू ती पहिल्यांदाच दिसत होती.

"कावून न्हाई दिलं म्हणून मी तवा इचारलं न्हाई," भिवराबाई पुढं म्हणाली. "आता सांगते. सातबाऱ्यावर अर्ध्या विहिरीला माझं नाव हाय. टिपाडं माझ्या अर्ध्यातून भरा. मोसंबी वाळली तर माझ्या वाट्याची वाळंल."

ती खाली बसली. शेजारच्या वच्छलाबाईनं तिचा हात धरला.

विठ्ठलरावांनी टोपी काढून समोर ठेवली आणि बसल्या जागेवरून मागं नजर टाकली.

"सटवा," ते म्हणाले, "तू पिला न्हवता. मला म्हाईत होतं."

एवढं बोलून ते सेक्रेटरीकडं वळले आणि म्हणाले, कडूबाईनं सांगितलं तसं लिहा. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "अन् अर्ध्यातून न्हाई. सगळ्या विहिरीतून."

मग इतर विहिरींच्या मालकांना गप्प बसणं अवघड झालं. एकेक जण उठून आपापल्या विहिरीचं बोलू लागला. पंप तपासायचं काम कुणाला द्यायचं असा प्रश्न आला तेव्हा शहादेवनं सटवाचं नाव घेतलं. सटवानं पाझरणारा पंप बाजूला काढला तर मालकानंही वाद घालायचा नाही, हेही ठरलं. मागं बसलेल्या सटवाला माणसांनी हाताला धरून पुढं आणलं. त्यानं सगळ्यांना एक नमस्कार केला आणि कडूबाई उभी होती त्या बाजूला जाऊन उभा राहिला.

फवारणी पुन्हा सुरू झाली ती विठ्ठलरावांच्याच रानात. विहिरीपासून लांब, उताराच्या अंगाला त्यांनी फरशी टाकून आंघोळीची जागा केली होती. वापरलेलं पाणी विहिरीकडं वळू नये म्हणून शेजारी दगडगोट्यांचा खड्डा घेतला होता. सकाळी बायकांनी पहिल्या घागरी तिथल्या टिपाडांत ओतल्या आणि वर गोणपाट झाकलं. सटवानं एकेका पंपाचं झाकण आवळून पाहिलं, एक पंप उलटा करून बाजूला ठेवला. मग औषधाच्या पाण्याला सुरुवात झाली.

उन्हं उतरल्यावर गडी एकेक करून ओळींतून बाहेर आले. पंप खाली ठेवले आणि टिपाडांपाशी येऊन घुटमळले. एवढ्या बायका समोर, अंगातलं काढायचं कसं, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघत होता. कडूबाईच्या ते ध्यानात आलं. ती हसली आणि तिनं तोंड फिरवलं. तिच्यामागोमाग सगळ्या बायकांनी फिरवलं आणि बांधावर त्या डोंगराकडं तोंड करून ओळीनं उभ्या राहिल्या.

मागं पहिली घागर रिती झाली. पाणी फरशीवर आपटल्याचा आवाज झाला, मग दुसऱ्याचा, मग सगळ्यांचा एकदमच. कुणीतरी गार पाण्यानं ओरडलं, कुणीतरी त्याला हसलं. सटवा कुणाला तरी सांगत होता, कानामागं, कानामागं लाव. वाळलेल्या रानात साबणाचा वास पसरत बायकांपर्यंत आला.

भिवराबाई येऊन कडूबाईच्या शेजारी उभी राहिली. तिनंही डोंगराकडं तोंड केलं.

"पुरंल का गं सगळ्यांना?" तिनं विचारलं.

"उरंल, काकू," कडूबाई म्हणाली, आणि मागं न बघता पाण्याचा आवाज ऐकत उभी राहिली.